एकच तांब्या, वीस चित्रें

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेस बसावयाचें म्हणून माझ्या नातीनें वस्तुचित्राचा अभ्यास आरंभिला. देवघरांतील तांब्या समोर ठेवून काढलेलें पहिलें चित्र मनास न आल्यामुळें तिनें फाडलें व लगेच दुसरा विषय शोधूं लागली. शाळेंत असतांना मींहि मुलांस हेंच शिकविलें होतें : रोज नवा विषय, नवें चित्र. वह्या भरत, डोळा मात्र रिकामाच राही, हें उमजावयास मला निवृत्त व्हावें लागलें.

"बाळ, तांब्या हलवूं नकोस," मीं म्हटलें. "उद्यांहि हाच काढ, आणि फाडावयाचें नाहीं, तारीख घालून ठेवावयाचें." कागदाच्या नासाडीबद्दल घरांत कुरकुर झाली, तेव्हां पाठकोरे कागद दिले.

पहिल्या पांच चित्रांत तांब्याचें तोंड पुरतें वाटोळें व बूड सरळ रेषेंत. तोंड वाटोळें असतें हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून आपण तसें काढतों. पाहून काढीत नाहीं. नैयायिक जिला स्मृति म्हणतात ती येथें प्रत्यक्षाचें आसन बळकावते. सहाव्या दिवशीं हात ताठ ठेवून तिनें पेन्सिलीनें मापलें : तोंडाची दिसणारी उंची रुंदीच्या पाव भागहि नव्हती, आणि बुडाची कड तोंडाहून अधिक वळलेली! यशोधरानें जयमंगला टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं, त्यांतील 'प्रमाण' तें हेंच. विसावें चित्र सर्वांत उत्तम झालें असें मात्र नाहीं. बारावें त्याहून सरस होतें.

जपानी चित्रकार होकुसाई (जन्म १७६०) यानें १८०३ च्या सुमारास लाटेखालीं सांपडलेल्या होड्या काढल्या. ती लाट दगडासारखी जड दिसते. कांहीं वर्षांनीं त्यानें तोच विषय पुन्हां घेतला. आणि जगप्रसिद्ध मोठी लाट उमटली ती १८३१ च्या सुमारास, सत्तरी गांठल्यावर.

पुढें आम्ही सारे गंगाखेड तालुक्यांतील धारासूरास गेलों. गोदाकांठचें गुप्तेश्वराचें जुनें देऊळ पाहून मंडळी तासाभरांत परतावयास निघाली. नात एका सुरसुंदरीपुढें ठाण मांडून बसली होती. "आजोबा, आणखी एकदांच," असें म्हणत तिनें तीच आकृति चार वेळां काढली. चौथ्या वेळीं स्वतःच म्हणाली, "ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर आणि खांदा खालीं!" हें मीं तिला सांगितलें नव्हतें. जेवणाचे डबे तोंवर गार झाले. त्याबद्दल परतीच्या वाटेवर बोलणीं बसलीं तीं मला.