घर विकलं, पण पैसे कुठे अडले? ९७ दिवसांचा हिशोब

(हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज शेअर मार्केट नाही, क्रेडिट कार्ड नाही. आज आमच्या घरची गोष्ट.

जानेवारी २०२४ मध्ये आई-बाबांनी पुण्यातला जुना फ्लॅट विकायला काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे दुखायला लागलेले. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट पसंत पडला. त्याला आम्ही ३ लाख टोकन देऊन टाकलं. अट अशी होती की ३१ मार्चपर्यंत उरलेले पैसे द्यायचे, नाहीतर टोकन गेलं. आम्ही निर्धास्त होतो. आमच्या फ्लॅटचा सौदा ६२ लाखांना ठरला होता आणि एजंट म्हणाला होता, "काका, ४५ दिवसांत पैसे खात्यात!"

शेवटचे पैसे खात्यात आले ९७व्या दिवशी.

या ९७ दिवसांत कोणीही आम्हाला फसवलं नाही. घेणारं कुटुंब सज्जन होतं, त्यांचं लोन मंजूर झालं, सगळं चेकने आणि आरटीजीएसने झालं. तरी एवढा वेळ लागला. का लागला, ते आता तारखेनिशी सांगतो.

पैसे नाही, कागद अडतो

६ जानेवारीला १ लाख टोकन मिळालं. घेणाऱ्यांच्या बँकेला सोसायटीची एनओसी हवी होती. अर्ज केला ८ तारखेला. सेक्रेटरी गावाला, मग कमिटीची मीटिंग, मग लेटरहेड संपलेलं. एनओसी हातात आली २५ जानेवारीला.

इथे एक गंमत ऐका. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट ट्रान्सफर करायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. पण बँका मागतात. आणि सभासदाने मागितली तर कमिटीने महिन्याभरात त्यावर निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे १७ दिवस हे नियमाच्या आतच झाले.

आता आमची पहिली मोठी चूक. फ्लॅटवर बाबांचं जुनं लोन शिल्लक होतं, साधारण पावणेनऊ लाख. म्हणजे ओरिजिनल कागदपत्रं आमच्या बँकेकडे. घेणाऱ्यांच्या बँकेला आमच्या बँकेकडून दोन गोष्टी लागतात: लोन बंद करायला किती पैसे लागतील त्याचं फोरक्लोजर लेटर आणि बँकेकडे कोणकोणते कागद आहेत त्याची यादी. आम्ही यासाठी अर्ज कधी केला? एनओसी आल्यावर! २९ जानेवारीला. यादी आली ९ फेब्रुवारीला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकता आले असते. मी रोज ऑफिसमध्ये कोणतं काम कशावर अवलंबून आहे याचे चार्ट काढतो, आणि घरच्या सर्वात मोठ्या व्यवहारात एक काम संपल्यावर दुसरं सुरू करत बसलो. ११ दिवस असेच गेले.

त्यानंतर घेणाऱ्यांच्या बँकेची लीगल तपासणी आणि मंजुरी. १ मार्चला रजिस्ट्रेशन झालं. त्या दिवशी घेणाऱ्यांनी स्वतःच्या वाट्याचे १५ लाख ३८ हजार आरटीजीएस केले. आम्ही पेढे वाटले. आम्हाला वाटलं, झालं!

सगळ्यात लांब थांबा

घेणाऱ्यांचं लोन होतं ४५ लाखांचं. त्यांच्या बँकेने ६ मार्चला त्यातले ८ लाख ७३ हजार थेट आमच्या बँकेला दिले आणि ७ मार्चला आमचं लोन बंद झालं. उरले ३६ लाख २७ हजार. पण ते मिळणार कधी? तर आमच्या बँकेतले ओरिजिनल कागद त्यांच्या बँकेच्या हातात पडल्यावर. यात बँकेची दुष्टाई नाही. ती ज्या घरावर ४५ लाख देतेय, त्या घराचे मूळ कागद हातात नसताना सगळी रक्कम कशी सोडेल?

आणि हे कागद ब्रँचमध्ये नसतात. ते दूर कुठल्यातरी स्टोरेजमध्ये असतात. मागणी जाते, पेटी शोधली जाते, कुरिअर निघतं. मध्ये महाशिवरात्र, धुळवड, गुड फ्रायडे आणि मार्चअखेर. कागद आले २ एप्रिलला. २६ दिवस.

मी बँकेत जाऊन आवाज चढवला. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सर, तीस दिवस झाले नाहीत अजून." आणि ते बरोबर होते. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. लोन पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम आपल्या बाजूचा आहे, जरूर लक्षात ठेवा. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या कॅलेंडरमध्ये या टप्प्याला पूर्ण ३० दिवस धरा.

तपासणी होऊन चेक मिळाला १० एप्रिलला. ११ ला ईदची सुट्टी. १२ एप्रिलला पैसे खात्यात.

मधल्या काळात ३१ मार्च उलटून गेला होता. नव्या फ्लॅटच्या मालकांनी १५ एप्रिलपर्यंत मुदत वाढवून दिली, पण त्याचे २० हजार घेतले. बाबांची इच्छा होती की ९ एप्रिलला, पाडव्याला, नव्या घरात गुढी उभारायची. घेणाऱ्यांचीही तीच इच्छा, आमच्या घरात! दोन्ही कुटुंबं एकाच चेकसाठी थांबलेली. बाबा म्हणाले, "चावी देऊन टाकू, चांगली माणसं आहेत." मी नाही म्हणालो. पूर्ण पैसे येईपर्यंत ताबा नाही, हे करारातच होतं. शेवटी पाडव्याला ते लोक आले आणि आमच्या गॅलरीत दोन्ही घरांनी मिळून एकच गुढी उभारली. आई तेव्हाही खालून कडुलिंब आणायला तीन जिने उतरली-चढली.

६२ लाखांतले हातात किती?

आता पैशांचं बोलू.

टीडीएस: ६२,०००. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का कापून सरकारकडे भरतो. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये जमा धरले जातात. पण घेणाऱ्याने भरलेत का, ते इन्कम टॅक्स पोर्टलवर स्वतः तपासा. कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचे असतात. आणि पॅन आधारला लिंक नसेल तर १ नाही, २० टक्के कापले जाऊ शकतात. ६२ लाखांवर १२ लाख ४० हजार! आज रात्रीच आई-बाबांचं पॅन तपासा.

एजंट: १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७३,१६०. त्याने रजिस्ट्रेशनच्या दिवशीच सगळे घेतले आणि नंतर फोन उचलणं कमी केलं. पुढच्या वेळी आम्ही अर्धे रजिस्ट्रेशनला आणि अर्धे शेवटचा चेक वटल्यावर देणार.

सोसायटी: ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. आम्ही आणि घेणाऱ्यांनी अर्धा अर्धा दिला, १२,५००. सोसायटीने वर ५० हजार "ऐच्छिक देणगी" मागितली होती. ती मागता येत नाही. बाबांनी उपविधीचं पान दाखवलं, विषय संपला.

लोन: ८,७३,०००. फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला फोरक्लोजर चार्ज लागत नाही. कोणी मागितला तर लेखी मागा.

वजाबाकी केली तर आमचे ५१,७९,३४०. त्यातून मुदतवाढीचे २० हजार वेगळे गेले. आणि जे दिसत नाही ते: ३६ लाख २७ हजार ७ टक्क्यांच्या एफडीत असते तर दिवसाला सुमारे ७०० रुपये मिळाले असते. उशिराची फी कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

आज पुन्हा विकायचं असतं तर

टोकन घेण्याच्या आधी सोसायटीचा आणि बँकेचा अर्ज एकाच दिवशी टाकला असता. फोरक्लोजर लेटरची मुदत थोडे दिवसच असते, ते पुन्हा घेता येतं. पण कागदांच्या यादीत काय कमी आहे, हे आधी कळतं.

जमत असेल तर लोन आधीच फेडलं असतं. नातेवाइकांकडून, एफडी मोडून, कसंही. कागद घरात असते तर तो २६ दिवसांचा थांबा उरलाच नसता.

घराचा एखादा मालक परदेशात राहत असेल, म्हणजे एनआरआय असेल, तर त्याच्या वाट्याला १ टक्क्याचा नियम नाही. टीडीएस बराच जास्त कापला जातो. कमी कापण्याचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधी घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. भाऊ-बहीण बाहेर असेल तर सौदा ठरवण्याआधी सीएला फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नव्या घराची तारीख एजंटच्या "४५ दिवसांवर" ठरवू नका. घर विकलं गेलं ती तारीख वेगळी आणि पैसे आले ती तारीख वेगळी. दुसरं घर दुसऱ्या तारखेवरच बुक करा. आम्ही पहिल्या तारखेवर केलं, समोरचा माणूस समजूतदार निघाला म्हणून ३ लाख वाचले.

आई आता लिफ्टने वर-खाली करते. पहिल्या दिवशी तर काही काम नसताना तीनदा जाऊन आली.

तुमच्या घरी असा व्यवहार चालू असेल तर हा एपिसोड आई-बाबांना नक्की ऐकवा. विक्रीच्या नफ्यावर कर किती आणि तो कसा वाचवायचा, ते पुढच्या भागात. भेटूया!