भाकरी का फाटते?

धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाच ज्वारीची भाकरी नवी नाही. पण तुम्ही कधी ती थापून बघितलीय? नाही ना! मग या रविवारी आजीला मस्का लावा आणि काठवटीपुढे बसा. मुलगेसुद्धा हं! ‘हे पोरींचं काम’ म्हणून सटकायचं नाही.

आधी एक गंमत करा. मूठभर पीठ थंड पाण्यात मळा आणि मूठभर कडकडीत गरम पाण्यात. (आधी चमच्यानं कालवा, बोटं भाजतील!) दोन्ही थापून बघा. थंड पाण्याची भाकरी बहुधा कडेला चिरेल, उचलताना तुटेल. असं का? गव्हाचं पीठ भिजवलं, की त्यात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन तयार होतं, म्हणून पोळी ताणली तरी लगेच फाटत नाही. ज्वारीत ते नसतं. गरम पाण्यानं ज्वारीतला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून राहतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात ना? त्यानं वरची बाजू सुकून भेगाळत नाही. मग आतल्या पाण्याची वाफ झाली, की भाकरी टम्म! आजीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नसेल. पण पिठाची ‘विरी’ गेलीय, हे तिला हात लावताच कळतं.

तुमची पहिली भाकरी नकाशासारखी होईल. दहा थापल्या, की मनगट बोलायला लागेल. मग रोज दोन्ही वेळा वीस-पंचवीस जणांना जेवू घालणाऱ्या बाईचं मनगट काय म्हणत असेल?

अशा बायका मुंबईच्या गिरणगावात घरोघरी होत्या. गावाकडून आलेले, एकटे राहणारे गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. हीच खानावळ. राहायची खोली तीच, चूलही तिथंच. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, तरी या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. मोर्चे सगळ्यांना दिसले; पण संप टिकला तो या चुलींच्या जोरावर, असं मला वाटतं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी ते नेमकं हेरलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे बघा, चूल तीच, हात तेच. पण आता बँकेच्या कागदावर तो ‘धंदा’ ठरला! प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याकडंही रस्त्यावरच्या ढाब्यांवर भाकरी थापायला बहुधा बायकाच असतात. कढईपाशी पुरुष, आणि ‘आचारी’ म्हणतात ते मात्र त्यालाच! पुढच्या वेळी जेवायला गेलात, की भाकरीवाल्या मावशींना विचारा : दिवसाला किती होतात? ज्वारी कुठली, मालदांडी का? आणि मावशी, आमची काठवटीतच का फाटली?