मागणारा कोण, हे कोणी विचारायचे?

अनाहूत दूरध्वनी आणि संदेशांचा उपद्रव म्हणजे विक्रेत्यांचा अतिउत्साह, असे गृहीत धरूनच गेली दोन दशके या देशातील धोरण आखले गेले. २००७ मध्ये असे दूरध्वनी नको असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय नोंदवही झाली, २०१० मध्ये 'ट्राय'ने सविस्तर नियम केले, २०१८ मध्ये ते नव्याने लिहिले. तक्रारीसाठीचा १९०९ हा क्रमांकही बऱ्याच जणांना पाठ झाला. उपद्रव मात्र चालूच राहिला. कारण सारा बंदोबस्त क्रमांक फिरवणाऱ्याचा झाला. तो गोळा करणाऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. गोळा करणारा सरकारी ओळखपत्र गळ्यात अडकवून आला, तर काय घडते याचा धडा बंगळुरूच्या बेळ्ळंदूर परिसराने २०२२ मध्ये घेतला.

बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतचा हा परिसर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या निवासी संकुलांचा. नोकरीसाठी येथे येणाऱ्या मराठी कुटुंबाला भाडेकरार, गॅसजोडणी, शाळाप्रवेश आणि संकुलाच्या फाटकावरील नोंद एवढ्यासाठीच आपला मोबाइल क्रमांक पहिल्या महिन्यात अनेकदा लिहून द्यावा लागतो. परक्या गावात नाही म्हणण्याची हिंमत कमी असते, आणि समोरचा मतदार यादीचे काम सांगत असेल तर उरतही नाही.

बेळ्ळंदूर महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात येते. तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेने जानेवारी २०२२ मध्ये 'चिलुमे' नावाच्या खासगी न्यासाला याच मतदारसंघात विनामूल्य मतदार जागृतीची परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये ती शहरभर लागू केली. नोव्हेंबरमध्ये 'द न्यूज मिनिट' आणि 'प्रतिध्वनि' या माध्यमसंस्थांनी त्यामागचे वास्तव उघड केले. न्यासाची माणसे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणवून घरोघरी जात होती. मतदार ओळखपत्र आणि आधारचे तपशील, इतकेच नव्हे तर मातृभाषाही विचारत होती, आणि ही माहिती 'डिजिटल समीक्षा' या खासगी ॲपमध्ये भरली जात होती. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला मातृभाषेचा रकाना किती नाजूक असतो, हे वेगळे सांगायला नको.

काँग्रेसने मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्यावर आरोप केले. बोम्मई यांनी ते फेटाळून आधीच्या राजवटींतही या संस्थेला काम मिळाल्याकडे बोट दाखवले. अटका झाल्या. निवडणूक आयोगाने दोन वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या निलंबनाचे आदेश दिले आणि शिवाजीनगर, चिकपेट व महादेवपुरा या तीन मतदारसंघांतील वगळलेल्या व नव्याने घातलेल्या नावांची फेरतपासणी करायला लावली. (ऑगस्ट २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी महादेवपुराच्या यादीवर घेतलेले आक्षेप हा निराळा वाद; त्याची येथे गल्लत नको.) नावांची तपासणी झाली, पण एकदा बाहेर पडलेली माहिती कोणत्याही आदेशाने परत येत नाही.

विखुरलेली माहिती किती सहज गोळा होते, हे खुद्द 'ट्राय'च्या अध्यक्षांनीच नकळत दाखवून दिले होते. जुलै २०१८ मध्ये आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून नुकसान करून दाखवण्याचे आव्हान दिले. बघता बघता लोकांनी त्यांचा मोबाइल क्रमांक, पत्ता आणि जन्मतारीख मांडून दाखवली. ही माहिती आधारच्या यंत्रणेतून फुटलेली नाही, असा खुलासा प्राधिकरणाने केला. पण ती आधीच सार्वजनिक ठिकाणी पडून असणे, हीच खरी काळजीची बाब होती.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. त्यातील अर्जदार न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. निकालानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. नागरिकाने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत उघडपणे छापलेला क्रमांक म्हणजे कुंपणाबाहेरचे झाड.

संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७ उजाडणार. याच कायद्याने माहिती अधिकारात केलेला बदल मात्र नियमांबरोबरच लागू झाला. अधिकाऱ्यांची वैयक्तिक माहिती नाकारण्याची सोय ताबडतोब, नागरिकाच्या माहितीचे रक्षण सवडीने, हा क्रम राजधानीत कोणालाच खटकला नसेल असे नाही. तो बदलला गेला नाही एवढे खरे.

दरम्यान, जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. प्रगणकाला दिलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीय असते. प्रगणकाच्या नावाने दुसराच कोणी दारात उभा राहिला तर त्याला ओळखायचे कसे, हे बेळ्ळंदूरच्या भाडेकरूला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम मोजणी सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवे.