४०४चं टेन्शन
तुळजापुरात लॉज चालवणाऱ्या मित्राचा फोन आला, “अगं, साइट हॅक झाली बहुतेक!” सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०४ची ही रांग, म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही. काही बॉट वर्डप्रेसचं लॉगिन शोधत होते. याच्याकडे वर्डप्रेसच नाही, मग घाबरायचं कशाला? फेविकॉन तर ब्राउझर आपणहून मागतो, ही १९९९च्या इंटरनेट एक्स्प्लोररची देणगी. खरी गोम रेफररच्या रकान्यात होती (तुम्हीही आधी तोच बघा). २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा पठ्ठ्याने हौसेने पानांचे पत्तेही बदलले. सर्चमधून जुन्या पत्त्यावर येणारे भाविक आल्या पावली परत! तेही ऐन नवरात्राच्या तोंडावर. मग ३०१ रिडायरेक्टच्या दोन ओळी टाकल्या. वर्डप्रेसवाले बॉट अजून येतातच. येऊ देत.