पाण्याला लावलेला कान

तारकर्लीला स्कूबासाठी खाली उतरलं की वरून जाणाऱ्या होडीच्या इंजिनाची घरघर स्पष्ट ऐकू येते. पण होडी कुठल्या बाजूला आहे, ते काही केल्या उमगत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जणू एकदमच पोचतो. अशा फसव्या पाण्यात पाणबुडी हुडकणं हेच ‘आयएनएस खुकरी’चं काम होतं.

इंग्लंडमधल्या काउझच्या जे. सॅम्युअल व्हाइट गोदीत बांधलेली ही ब्लॅकवुड वर्गाची फ्रिगेट १९५८ साली आपल्या नौदलात आली. कोकणातल्या जुन्या शब्दात सांगायचं तर आगबोटच. बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवायची आणि एकच पंखा तिला ताशी सुमारे २७ सागरी मैलांनी पळवायचा. पाणबुडीवर स्फोटकं फेकणाऱ्या ‘लिंबो’ तोफा हे तिचं मुख्य हत्यार. पण त्या डागण्याआधी पाणबुडी सापडायला हवी.

ते काम सोनारचं. आवाज सोडायचा, प्रतिध्वनीची वाट पाहायची. अरबी समुद्रात वरचं पाणी ऊबदार, खालचं थंड. तिथे आवाज वाकतो आणि पाणबुडीला लपायला जागा मिळते. त्यात नौका वेगात असली, तर तिचाच गलका तिच्या कानात. म्हणजे नीट ऐकायचं तर सावकाश जायचं, आणि सावकाश जाणाऱ्या नौकेवर नेम धरणं सोपं.

मालवणात २०२३ साली सिंधुदुर्गासमोर नौदल दिन साजरा झाला, तो १९७१च्या युद्धात ४ डिसेंबरला आपल्या नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या आठवणीत. त्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, ‘खुकरी’ आणि तिच्या जोडीची नौका ‘कृपाण’ दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी शोधत होत्या. सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या नव्या उपकरणाची चाचणी चालू असल्याने ‘खुकरी’चा वेग कमी होता. फ्रेंच बनावटीची ती पाणबुडी, ‘हंगोर’, बॅटरीवर, जवळपास निःशब्द, खाली दबा धरून होती. ‘कृपाण’वर सोडलेला टॉर्पेडो वाया गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांत नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

आता पाणबुडीच्या शोधात हेलिकॉप्टर पाण्याच्या वर हवेत तरंगत थांबतं आणि केबलला बांधलेलं सोनार खाली सोडतं. कान पाण्यातच असतो. ऐकणारी माणसं मात्र टॉर्पेडोच्या वाटेत नसतात.