बिशप्स कासल आणि त्याची बुडीत रेल्वे

बिशप्स कासल हे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातले, वेल्सच्या सीमेला जवळजवळ खेटलेले बाजाराचे गाव. वस्ती दोन हजारांच्या आत. वेल्श हल्ल्यांपासून आपली जमीन राखण्यासाठी हेरेफर्डच्या बिशपांनी नॉर्मन काळात येथे टेकडीवर किल्ला बांधला आणि त्याच्या उताराला गाव वसवले. मुख्य रस्ता आजही पायथ्याच्या चर्चपासून थेट चढत वर जातो. किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही. त्या जागी हॉटेल आणि बाउलिंगची हिरवळ आहे. थ्री टन्स ही मद्यभट्टी मात्र 1642 च्या परवान्याचा अभिमान अजून मिरवते.

एवढ्याशा गावाला 1585 पासून पार्लमेंटमध्ये दोन जागा होत्या. मतदार जेमतेम दीडशे, तेव्हा मते विकत घेणे अवघड नव्हते. प्लासीनंतर गडगंज होऊन परतलेल्या रॉबर्ट क्लाइव्हने 1763 मध्ये जवळची वॉलकॉट ही जहागीर घेतली आणि गावाचे राजकारणही त्याच्या मुठीत आले. त्याचा चुलतभाऊ जॉर्ज 1779 पर्यंत येथून खासदार होता. बंगालच्या पैशाने कोणाकोणाचे भले झाले, त्या यादीत हे आडगावही बसते. 1832 च्या सुधारणा कायद्याने दोन्ही जागा गेल्या.

रेल्वेची कथा यापेक्षा रंगतदार आहे. श्रूजबरी-हेरेफर्ड मार्गावरील क्रेव्हन आर्म्सहून ऑनी नदीच्या खोऱ्यातून वेल्समधील मॉन्टगोमेरीकडे लोहमार्ग न्यायचा आणि मध्येच लिडम हीथला फाटा काढून बिशप्स कासल जोडायचे, अशी योजना होती. 1861 मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली. पण पैसा आटला आणि मॉन्टगोमेरीचा भाग कागदावरच राहिला. 1866 च्या सुरुवातीला सुमारे 17 किलोमीटरचा मार्ग रीतसर खुला झाला तो असा अर्धवट. त्यामुळे लिडम हीथला प्रत्येक गाडीचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. पुढे न बांधलेल्या रुळांची ही किंमत प्रवासी शेवटपर्यंत मोजत राहिले.

1867 मध्येच कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि बंद होईपर्यंत त्यातून सुटली नाही. 1877 मध्ये जमिनीचे पैसे थकल्यामुळे जप्ती आली. बेलिफांनी हॉर्डर्लीजवळ रूळ उखडून वाट अडवली आणि गावात कोळशाची टंचाई झाली. तेव्हा पहाऱ्यावरच्या माणसांना रात्री दारू पाजून गुंगवले, रूळ पुन्हा बसवले आणि कोळशाच्या वाघिणी हळूच गावात आणल्या, असा किस्सा सांगतात. किस्सा पिढ्यान्‌पिढ्या घोळून आलेला असल्याने त्यात थोडे मीठ-मसाला असणारच.

गुरे, लाकूड, कोळसा आणि थोडे प्रवासी एवढ्यावर गाडा चालला. नवी इंजिने परवडत नसत. 1868 सालचे ‘कार्लाइल’ शेवटपर्यंत राबले. 1923 मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, पण हे तोट्यातले ओझे त्या चौघींपैकी ग्रेट वेस्टर्नला नको होते. स्वातंत्र्य टिकले ते असे, कोणी विचारले नाही म्हणून. मोटारी आणि ट्रक आल्यावर उरलेली मालवाहतूकही गेली. एप्रिल 1935 मध्ये गाड्या थांबल्या. रूळ उचलण्याच्या गाड्याही ‘कार्लाइल’नेच ओढल्या, काम आटोपल्यावर 1937 मध्ये ते स्वतः भंगारात गेले.

मार्गाच्या खुणा ऑनीच्या काठाने अधूनमधून दिसतात आणि हौशी मंडळींनी रेल्वेच्या वस्तू गावात जपल्या आहेत. श्रॉपशर वे ही पायवाट गावातून जात असल्याने डोंगरभटके येथे मुक्कामाला येतात. आगगाडीने यायचे तर क्रेव्हन आर्म्सलाच उतरावे लागते; पुढचा प्रवास रस्त्याने.