विंडोज अपडेट ३० टक्क्यांवर आणि लाईट गेली, आता लॅपटॉपचं काय होणार?

रात्री काम संपवून लॅपटॉप बंद करायला जावं तर ‘अपडेट अँड शट डाऊन’ असा पर्याय दिसतो. आपण क्लिक करतो, स्क्रीनवर गोल फिरायला लागतो, टक्के वाढू लागतात आणि खाली ताकीद येते, कॉम्प्युटर बंद करू नका. नेमकी तेव्हाच लाईट जाते.

आता लॅपटॉप कायमचा बंद पडणार का? बहुतेक वेळा नाही. पण लाईट कोणत्या टप्प्यावर गेली आणि त्यानंतर तुम्ही काय केलं, यावर बरंच अवलंबून असतं.

अपडेट म्हणजे नेमकं काय सुरू असतं?

पहिला टप्पा डाऊनलोडचा. लाईटबरोबर वायफायही गेलं तर डाऊनलोड थांबतं आणि नेट आल्यावर पुन्हा सुरू होतं. इथे काहीच बिघडत नाही.

दुसरा टप्पा रीस्टार्टनंतरचा. या वेळी जुन्या सिस्टीम फायलींच्या जागी नव्या फायली बसवल्या जातात. मध्येच वीज तुटली तर विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना अर्धवट काम पूर्ण करायला बघतं. ते जमलं नाही तर केलेले बदल मागे घेतं. विंडोज १० वरून ११ वर जाण्यासारख्या मोठ्या अपडेटमध्ये जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये साधारण १० दिवस ठेवलेली असते.

खरा धोका बायोस किंवा फर्मवेअर अपडेटचा आहे. बायोस हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि विंडोजच्याही आधी तोच चालू होतो. तोच अर्धवट राहिला तर लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून चार्जर लावलेला नसेल किंवा बॅटरी कमी असेल, तर बरेच लॅपटॉप हे अपडेट सुरूच करू देत नाहीत.

लाईट गेली तर लगेच काय करायचं?

लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर. बॅटरी चांगली असेल तर काहीही करू नका, अपडेट होऊ द्या. झाकण लावू नका आणि पॉवर बटण दाबून धरू नका. टक्के बराच वेळ एकाच आकड्यावर अडले तरी घाई नको. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपला तास-दोन तासही लागू शकतात.

अडचण होते ती बॅटरी खराब झालेल्या, कायम चार्जरवरच चालणाऱ्या लॅपटॉपची. तो लाईटबरोबरच बंद पडतो.

बंद पडलाच तर?

१. लाईट आल्यावर चार्जर लावा, पंधरा-वीस मिनिटं चार्ज होऊ द्या आणि मगच सुरू करा.

२. ‘बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा मेसेज आला तर थांबा. या वेळी पुन्हा बंद केला तर गुंता वाढतो.

३. लागोपाठ दोनदा सुरू होता आलं नाही तर विंडोज सहसा स्वतःच रिकव्हरी स्क्रीन दाखवतं. तिथे आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून बघा.

४. शेवटचा उपाय ‘रीसेट धिस पीसी’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फायली राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर सगळंच जातं.

दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं, तर आधी डेटा काढून द्यायला सांगा. विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फोटो आणि प्रोजेक्ट गेले असा होत नाही. डिस्क ठीक असेल तर ते बहुतेक वेळा काढता येतात.

आधीच काय करून ठेवायचं?

अपडेटच्या वेळी चार्जर लावलेला असू द्या आणि बॅटरीही भरलेली असू द्या. चार्जर काढून लॅपटॉप अर्धा तास तरी चालतो का, हे एकदा तपासा. चालत नसेल तर बॅटरी बदला, नाहीतर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर अपडेट करा. वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला असेल, किंवा बाहेर वळवाचा पाऊस गडगडत असेल, तर त्या दिवशी अपडेट नकोच. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये अपडेट ५ आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. पण सिक्युरिटी अपडेट कायमचं टाळू नका. महत्त्वाच्या फायलींची एक कॉपी पेन ड्राइव्हवर किंवा क्लाऊडवर ठेवा.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ऐन वेळी कळते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप लॉक केलेली असते. अपडेट बिघडल्यावर स्क्रीनवर ४८ आकडी ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली जाऊ शकते. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही आणि दुकानदारालाही नाही. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. लॅपटॉप नीट चालू आहे तोवरच मोबाईलवरून त्या अकाउंटला लॉगिन करून की दिसते का बघा आणि कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरात वेगळी ठेवा.